कॉलरच्या आतला नंबर

११ सप्टेंबर

आज दुकानाचा नियम मोडला. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथं लिहितोय. वही दुकानातलीच आहे, पानापानावर शर्ट, पँट, चादर असे रकाने छापलेले. त्यांच्यावरूनच लिहीत सुटायचं.

आमच्या लाँड्रीत नियम एकच: खिशातलं खिशात. धुण्याआधी प्रत्येक खिसा तपासायचा, निघेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर गिऱ्हाइकाचा नंबर टाकायचा. वाचायचं नाही, विचारायचं नाही. बाबा म्हणतात, "कपडे जे बोलतात ते आपण बोलायचं नाही. बोललो तर दुकान आठवड्यात बंद पडेल, आणि गल्लीतले निम्मे संसारही."

मी वाचलं. कारण गठ्ठ्यावर नंबर ३८८ होता.

३८८ म्हणजे ती. समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर. दर आठवड्याला तिचे तीन पांढरे कोट येतात. काच आमचीही मोठी आणि त्यांचीही मोठी, त्यामुळे मी प्रेसवर उभा असलो की ती दिसते. मी तिला दिसत नाही, कारण माझ्यासमोर वाफ असते.

आज कोटांबरोबर एक निळं जॅकेट आलं. खिशात चारदा दुमडलेलं छापील पत्रक. लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, तळ्याकाठी, २० एप्रिल. आधी ३.८ किलोमीटर पोहणं, मग १८० किलोमीटर सायकल, मग ४२ किलोमीटर धावणं. सगळं एकाच दिवशी, पहाटे पाच ते रात्री नऊच्या आत. तारखेभोवती पेनानं गोल आणि बाजूला लिहिलेलं, "नाव दिलं!!"

दोन उद्गारचिन्हं. मला वाटायचं ती शांत मुलगी आहे.

जॅकेट जरा मोठं आहे, खांद्यांत दोन माणसं मावतील. पण हल्ली मुली ढगळच घालतात.

१२ सप्टेंबर

मीही नाव दिलं. मोटरसायकल विकली आणि सायकल आणली. आईनं दारातूनच विचारलं, "इंजिन कुठं सांडलंस रे?"

पोहता मला जेमतेम येतं. बुडत नाही, इतकंच.

२० सप्टेंबर

जेवताना भडका उडाला. बाबांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "हे संपलं की पुढं काय?"

हा प्रश्न मला जुलैपासून चावतोय. जुलैत रसायनशास्त्राचे सर वर्गात मला म्हणाले, "घरी इस्त्री आहे ना, मग डोक्यावर फिरवून घे एकदा." पोरं हसली. मी जर्नल खिडकीतून बाहेर फेकलं आणि मागोमाग मीही बाहेर पडलो, दारानं. तेव्हापासून कॉलेज बंद. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली असती तर मिटलं असतं, असं सगळे म्हणतात. म्हणूनच नाही मागितली.

त्या दिवसापासून मी प्रेसवर. सकाळी आठ ते रात्री आठ. बॉयलर पाठीशी, प्रेस पोटाशी, डोक्यावर हँगरच्या रांगा. हात पसरले तर एका हाताला कुणाचा तरी कोट लागतो आणि दुसऱ्या हाताला भिंत. बाबा तीस वर्षं याच जागी उभे आहेत. जमिनीवरच्या फरशीला त्यांच्या पावलांच्या दोन खळग्या पडल्यात. मी उभा राहिलो की माझे पाय आपोआप त्यातच जातात. परवा मुद्दाम तिरका उभा राहिलो, तर शर्ट जळाला.

तर मी म्हणालो, "पुढं काय ते सांगतो. शर्यत पूर्ण केली तर मी मोकळा. हे दुकान सोडून जाणार, अडवायचं नाही. नाही पूर्ण केली, तर जन्मभर या काउंटरवर बसेन आणि तोंडातून शब्द काढणार नाही."

बाबांनी घास गिळला. "काउंटरवर बसशील एकवेळ. शब्द काढणार नाहीस, हे काही जमणार नाही तुला."

आई हसली. मी ताटावरून उठलो. पैज लागली.

९ ऑक्टोबर

बाबांची अट: दुकानाच्या वेळात काउंटरवरची घंटा ऐकू येईल एवढ्याच अंतरावर असायचं. मग कसली सायकल आणि कसलं धावणं! मागच्या खोलीत बॉयलरशेजारी सायकल स्टँडवर चढवली. मागचं चाक हवेत फिरतं, मी आहे तिथंच. आज तीन तास चालवली. समोर प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले सूट टांगलेले, बिनडोक्याची माणसं मला बघत बसल्यासारखी. खोलीत इतकी वाफ की घाम कुठला आणि पाणी कुठलं ते कळेना. शंभर किलोमीटरच्या आसपास गेलो असेन. उतरलो तेव्हा त्याच फरशीवर.

धावणं गच्चीवर. एक फेरी म्हणजे एकशे दहा पावलं. टाकीला वळसा, दोरीखालून वाकायचं, पुन्हा टाकी.

इस्त्रीवाले काका वर चादरी वाळत घालायला आले. बाबांच्या लग्नाआधीपासून ते दुकानात आहेत. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काय हरवलंय का रे?"

३ नोव्हेंबर

सकाळी सहाला तलाव उघडतो, तेवढा एक तास बाबांनी सोडलाय. पंचवीस मीटर जायचं, भिंत. पंचवीस मीटर यायचं, भिंत. मान पाण्यात घातली की मला कुणी तरी पिशवीत घालून तोंड बांधल्यासारखं वाटतं. दहाव्या फेरीला घाबरून काठ धरला.

शेजारच्या रांगेत एक लांबलचक माणूस पोहतो. पाय काटकीसारखे आणि मधेच थोडं पोट, म्हणजे बगळ्यानं मासा गिळलाय आणि तो अजून खाली उतरलेला नाही. मी त्याला बगळाच म्हणतो, आणि तोही ओ देतो. म्हणाला, "तू श्वास घेतोयस, सोडत नाहीयेस. आत कोंडून कशाला ठेवतोस? पाण्यातच सोड की सगळा."

सोडला. वीस फेऱ्या झाल्या.

त्यानंही त्याच शर्यतीत नाव दिलंय. मी विचारलं, तुम्ही कशाला पडलात या भानगडीत? तर म्हणाला, "एका मुलीमुळे. तिनं सांगितलं, आधी हे पोट घालव, मग लग्नाची तारीख धरू."

मी म्हणालो, मीही मुलीमुळेच. त्यानं पाण्यातूनच हात पुढे केला. चांगला माणूस आहे.

१४ डिसेंबर

थंडी. बगळा तलावावर निळं जॅकेट घालून येतो, अगदी तिच्यासारखंच. बाजारात एकदम गठ्ठा आला असणार. मीही एक घ्यावं म्हणतो.

१७ जानेवारी

आज हात उगारायचा राहिलो, एवढंच.

शर्यतीसाठी घेतलेला बनियनसारखा तंग, बारीक कॉलरचा सदरा बाबांनी धुवून ठेवला होता. तलावावर कपडे बदलताना सहज कॉलर उलटली. आत काळ्या शाईत ६१२.

आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला नंबर असतो. तो कॉलरच्या आत लिहितात, कपड्याच्या जन्माला पुरतो. शाई निघत नाही, फक्त दर धुण्याला थोडी उतरते. आधी काळी, मग करडी, मग राखी. काका नुसती शाई बघून सांगतात कपडा किती वेळा येऊन गेला, आणि एक-दोनचाच फरक पडतो. पण हे सगळं गिऱ्हाइकांसाठी. घरच्या कपड्यांना आमच्याकडे नंबर नसतो. लहानपणी मी हट्ट धरायचो, मलाही नंबर हवा म्हणून. तेव्हा बाबा म्हणायचे, "घरचा कपडा कुठं जातोय? त्याला कशाला खूण?"

आणि आता मला ६१२!

दुकानात शिरलो तो ओरडतच. "मी काय गिऱ्हाईक आहे का तुमचं?" एक बाई चादरी घेऊन उभ्या होत्या, त्या चादरी तिथंच टाकून गेल्या.

बाबा म्हणाले, "बाहेर जाणारा कपडा आहे. तिथं हजार जण एकसारखे कपडे काढून फेकणार. अदलाबदल नको व्हायला."

"पैज लावली म्हणून घरातून काढून नंबर दिलात, असंच ना?"

बाबा शाईच्या बाटलीला बूच लावत बसले. काका मधे पडले, "अरे पण ऐक तरी—" तर बाबांनीच त्यांना हातानं गप्प केलं.

ठीक आहे. घरातच गिऱ्हाईक झालो. दोन तास सायकल मारली, साखळी तुटेपर्यंत.

२२ फेब्रुवारी

३८८च्या गठ्ठ्यात आज कोटांबरोबर दोन पुरुषी शर्ट होते. बाह्या लांबच लांब. तिला भाऊ आहे हे बरं झालं. आधी भावाशी ओळख काढायची, मग पुढचं सोपं जातं.

मी शर्ट प्रेसवर घेणार, इतक्यात बाबा आले. "दे, हे मी करतो." बाबा शर्टांना हात लावत नाहीत, ते फक्त सूट करतात. काका एकदम खोकायला लागले.

वागण्याचा अर्थच लागत नाही या दोघांच्या.

११ मार्च

तिच्याशी बोललो! म्हणजे ती बोलली.

दाढ दुखत नव्हती, तरी गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: तुम्हीही वीस एप्रिलला आहात ना? मीही आहे. खुर्चीत बसलो आणि तिनं म्हटलं, "आ करा." मग वीस मिनिटं तोंडात कापूस, आरसा आणि एक नळी. एवढी जवळ होती की तिच्या पापण्या मोजता आल्या असत्या, आणि माझ्या तोंडाला टाळं.

"तुम्ही समोरच्या लाँड्रीतले ना?"

"आं."

"कोटांना काय सुंदर कडक इस्त्री असते तुमची! रात्री दात खाता का हो? पार झिजवलेत."

"आं आं."

"डोक्यात राग घालून झोपत असणार."

हातमोज्याच्या आत तिच्या एका बोटावर बारीकसा उंचवटा होता. चामखीळ असावी. मला काही फरक पडत नाही.

कापूस निघाला तेव्हा दुसरा पेशंट आत आला होता. मी म्हणालो, "थँक्यू." सहा महिन्यांत एक शब्द.

२ एप्रिल

झोप नाही. आज सहा तास स्टँडवर. पाय चालतात, पण डोकं कोंडतं. पहिल्यांदाच मनात आलं, की एका खोलीतून सुटायला मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलोय. नाव दिलं तिच्यासाठी, पैज लावली रागात, आणि आता मागे फिरावं तर काउंटर. पुढे बघावं तर सोळा तास. कुणी ढकललेलं नाही. सगळ्या कड्या माझ्याच हातानं लावल्यात.

आईला म्हणालो, मला नाही जमणार बहुतेक. ती बटण टाकत होती. दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "मग नको करूस."

इतका राग आला, की गच्चीवर जाऊन चाळीस फेऱ्या मारल्या.

२१ एप्रिल

शर्यत काल झाली. काल पेन धरता आलं नाही.

पहाटे पाच. तळ्याकाठी आठ-नऊशे टोप्या. त्यात मी तिला शोधत होतो. भोंगा वाजला आणि सगळे एकदम पाण्यात. कुणाची लाथ नाकावर, कुणाचा हात पाठीवर. वर यायला जागा नाही आणि खाली तळ नाही. ओरडावंसं वाटलं. मग बगळ्याचं आठवलं आणि होता तेवढा सगळा श्वास पाण्यात सोडून दिला. पावणेदोन तासांनी बाहेर पडलो.

सायकलवर प्रत्येक वेणी बघत होतो. मागून वेणी दिसली की जोर लावायचा, पुढे जाऊन वळून बघायचं, दुसरीच कुणी तरी. असं करत एकशे ऐंशी किलोमीटर झाले. दुपारी धावायला उतरलो तेव्हा रस्ता तव्यासारखा. धडधाकट माणसं कडेला बसून ओकत होती. मला तेवढं काही वाटत नव्हतं. बॉयलरच्या खोलीपेक्षा बरंच होतं ते, वर आकाश तरी होतं.

धावण्याच्या चार फेऱ्या, तळ्याला वळसा घालून. पहिल्याच फेरीत, वळणावर, ती.

दोरीच्या पलीकडे. पायात साध्या चपला. कमरेला निळं जॅकेट बांधलेलं. हातात पुठ्ठा, त्यावर मोठ्या अक्षरांत: "पोट गेलं! आता तू ये!"

मी थांबलो की पळत राहिलो ते आठवत नाही. पुठ्ठा, जॅकेट, लांब बाह्यांचे शर्ट, बोटावरची चामखीळ, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं, हँगरला लावल्यासारखं. तिनं मला ओळखलं. आनंदानं ओरडली, "अरे, लाँड्रीवाले दादा! मस्त! चला दादा, चला!"

दादा.

तिथंच सोडून दिलं असतं. पण सोडून जायचं तरी कुठं? बाहेर पडायचा रस्ता तिच्याच बाजूनं होता. आणि पळत राहावं तर याच वळणावर अजून तीनदा यायचं होतं.

मग राग आला, आणि रागानं पाय दिले. बगळ्याला गाठायचं आणि कॉलर धरून विचारायचं. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत तिनं पुन्हा "चला दादा" केलं. मी मान खाली घातली. तिसऱ्या फेरीत बगळा दिसला. झाडाला धरून उभा, पोटरी दगडासारखी, तोंड पांढरं. मला बघून खुलला.

"अरे, तू! काय पळतोयस! तुझी आली का बघायला?"

कॉलर धरायला उचललेला हात मी खाली घेतला. म्हणालो, "आली."

"कुठं आहे?"

"वळणावर."

"माझीही वळणावरच आहे," तो म्हणाला. "दाखव की मला, दोघींची ओळख करून देऊ."

मी त्याचा हात खांद्यावर घेतला. औषधोपचाराच्या सफेद तंबूपर्यंत एक किलोमीटर, त्याला वीस मिनिटं लागली. तिथल्या डॉक्टरनं त्याला आडवं पाडलं आणि म्हणाला, झालं, आता उठायचं नाही. बगळा रडला. मग माझं मनगट धरून म्हणाला, "तिला सांगशील? घाबरेल ती. सांग, तंबूत आहे, ठीक आहे. पुठ्ठा आहे तिच्या हातात, ओळखशील."

"ओळखेन," म्हणालो.

वळणावर या वेळी थांबलो. तिला म्हणालो, "ते तंबूत आहेत. पोटरी आखडलीय, बाकी ठीक आहेत. घाबरू नका." सात महिने पाठ केलेल्यातलं यात काहीच नव्हतं. ती म्हणाली, "थँक्यू, दादा," आणि पुठ्ठा टाकून पळाली. पळताना चांगली दिसते.

चौथ्या फेरीला वळणावर कुणी नव्हतं. पुठ्ठा उलटा पडला होता. तेव्हा खरं अवघड गेलं. जिच्यासाठी पळत होतो ती गेली आणि ज्याच्यावर पळत होतो तो राग तंबूत झोपला. उरले फक्त पाय. ते गच्चीवर पळाल्यासारखे आपले पळत राहिले. टाकी, दोरी, टाकी.

आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी कमानीखालून गेलो.

पलीकडे बाबा उभे होते. दुकान बंद करून. हातात टॉवेल, आणि त्याला कडक इस्त्री. टॉवेलला कुणी इस्त्री करतं का? त्यांनी तो माझ्या खांद्यावर टाकला, मग सवयीनं माझी कॉलर उलटली आणि नंबर बघितला, गठ्ठा परत आल्यावर बघतात तसा.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "३८८चं लग्न ठरलंय ते."

"हो."

"सांगायचं ना!"

"खिशातलं खिशात," ते म्हणाले. मग टॉवेल नीट करत, "मला वाटलं, कळलं तर थांबशील. थांबू नयेस असं वाटत होतं."

आई मागून लंगडत आली, चप्पल तुटली होती. बाबा तिला म्हणाले, "झाला हा मोकळा."

२२ एप्रिल

जिना बसून उतरलो. ३८८चं निळं जॅकेट आलं, चिखलानं भरलेलं. खिशात एक घडी केलेला कागद. पाकिटात घातला, नंबर टाकला. वाचला नाही.

२३ एप्रिल

बॅग भरायला घेतली. कुठं जायचं ते ठरलेलं नाही, पण मोकळा म्हणजे मोकळा.

माझे कपडे मी कधी धुतले नाहीत. घरात लाँड्री असताना कोण धुतं? दिवसभर दुसऱ्यांच्या कॉलरी उलटायच्या, स्वतःची कोण बघतो. आज घडी घालताना बघितली. चौकड्यांच्या शर्टावर ६१२. पांढऱ्यावर ६१२. झोपायच्या सदऱ्यावरसुद्धा ६१२. पुन्हा डोकं तापायला लागलं. म्हटलं, पैज लागल्याबरोबर बसून सगळ्यावर मारलेत वाटतं.

मग चौकड्यांचा शर्ट उजेडात धरला. शाई काळी नव्हती. करडीही नव्हती. राखी होती.

गच्चीवर काकांकडे घेऊन गेलो. कुणाचा ते सांगितलं नाही. त्यांनी चष्मा वर केला, अंगठा फिरवला. "चाळीस धुणी. एखादं इकडं तिकडं." मग शर्ट ओळखून माझ्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी हेच सांगत होतो तुला."

माझा शर्ट आठवड्याला एकदा धुण्यात जातो. चाळीस आठवडे मागे मोजले. बोटांवर मोजले, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजले. सप्टेंबर नाही. पैज नाही. जुलै येतो. ज्या आठवड्यात जर्नल फेकलं, तोच. बाहेर जाणारा कपडा म्हणून बाबांनी तेव्हाच खूण केली होती.

खाली गेलो. बाबा त्या दोन खळग्यांत उभे राहून कुणाचा तरी कोट करत होते. मी शर्ट पुढे धरला. त्यांनी कॉलर बघितली, शर्टाची घडी घातली आणि परत दिला.

"टिकेल अजून," म्हणाले. "कधी निघतोस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पैज मी हरलो नव्हतो. तरी शब्द निघाला नाही.